वैमानिकाचा क्रमांक

दोन एकत्र कुटुंबें कांहीं कारणानें एकाच वाड्यांत नांदूं लागलीं म्हणजे पहिला तंटा इस्टेटीवरून क्वचितच होतो. तो मानावरून होतो. थोरली जाऊ कोणाला म्हणावयाचें? वयानें मोठी तिला, आधीं लग्न होऊन आली तिला, कीं ज्या घरचा वाडा त्या घरच्या सुनेला? तिन्ही उत्तरांना आधार काढतां येतो आणि तिन्ही उत्तरें कोणाला ना कोणाला अन्यायाचीं वाटतात. दोन विमान कंपन्यांचें विलीनीकरण होतें त्या वेळीं त्यांच्या वैमानिकांपुढें नेमका हाच प्रश्न उभा राहतो. फरक इतकाच कीं, वाड्यांतील तंटा रुसव्याफुगव्यांनीं विझतो. वैमानिकांचा तंटा पोटाशीं जाऊन भिडतो आणि वर्षानुवर्षें कोर्टांत धुमसत राहतो.

अशा प्रसंगीं वर्तमानपत्रांत भागांच्या किंमती छापून येतात, विमानांची संख्या येते, शेपटाचा रंग कोणता राहणार याचीही चर्चा होते. कंपनीचें पत्रक सांगतें कीं कोणाचीही नोकरी जाणार नाहीं. आणि बहुधा तें पत्रक अक्षरशः खरें असतें. विलीनीकरणाच्या दिवशीं वैमानिकाला कोणी घरीं पाठवीत नाहीं. त्या दिवशीं त्याचा केवळ क्रमांक बदलतो. नोकरी जाते ती पुढें, मंदीच्या वर्षीं, आणि ती त्या बदललेल्या क्रमांकानें जाते.

हा क्रमांक म्हणजे काय, तें प्रथम सांगितलें पाहिजे. जुन्या व मोठ्या विमान कंपन्यांत, विशेषतः अमेरिकेंत, वैमानिक नोकरीस लागला कीं त्याचें नांव ज्येष्ठतेच्या यादीच्या तळाशीं चढतें. वरचे निवृत्त होत जातात, खालीं नवे येतात, आणि तो पायरी पायरीनें वर सरकतो. कोणतें विमान चालवावयाचें, कप्तान व्हावयाचें कीं सहवैमानिक राहावयाचें, कोणत्या शहरीं मुक्काम ठेवावयाचा, रजा कोणत्या महिन्यांत मिळावयाची, हें सर्व त्या क्रमांकावरून ठरतें. मोठ्या विमानाचा पगार मोठा, तेव्हां पगारही बव्हंशीं त्याच्याच हातीं. काम कमी झालें तर शेवटीं आलेला आधीं जातो. त्याला बिनपगारी घरीं बसवितात आणि काम वाढलें म्हणजे यादींतल्या क्रमानें परत बोलावितात.

आणि हा क्रमांक बरोबर नेतां येत नाहीं. वकिलाची कीर्ति त्याच्या मागोमाग दुसऱ्या गांवच्या कोर्टांत जाते. डॉक्टरानें शहर बदललें तरी त्याच्या हाताचा गुण त्याच्याबरोबर असतो. वीस वर्षें कप्तान असलेला वैमानिक मात्र कंपनी सोडून दुसरीकडे गेला, तर तेथें तो बहुधा यादीच्या तळाशीं, कालपरवां शिकून आलेल्या मुलांच्या रांगेंत, सहवैमानिक म्हणून उभा राहतो. त्यानें आकाशांत घालविलेले तास मोजले जातात, पण मोजून बाजूला ठेवले जातात. म्हणून अमेरिकन वैमानिक आपल्या क्रमांकाला घरदार किंवा शेतीवाडी यांच्यासारखी मालमत्ता समजतो. तीस वर्षांच्या हिशेबानें त्यानें संसाराची आंखणी केलेली असते, आणि ती आंखणी या एका अंकावर उभी असते.

ही रीत विमानांबरोबर जन्मली नाहीं. अमेरिकेंतील आगगाडीच्या इंजिन-ड्रायव्हरांनीं व त्यांच्या संघांनीं ती आधीं रूढ केली होती. वैमानिकांनीं ती उचलली याचें कारण मात्र त्यांचें स्वतःचें होतें. डेव्हिड बेन्के या वैमानिकाच्या पुढाकारानें १९३१ सालीं एअर लाइन पायलट्स असोसिएशन हा संघ स्थापन झाला, त्या काळीं टपालाच्या थैल्या वेळेवर पोंचविण्यासाठीं धुकें, वादळ, हिमवर्षाव कशाचीही तमा न बाळगतां उड्डाण करण्याचा दबाव वैमानिकांवर येई. जो नकार देई तो व्यवस्थापकाच्या मर्जींतून उतरे. पदोन्नति मर्जीवर नसून क्रमांकावर असेल, तरच धुक्याच्या दिवशीं 'नाहीं' म्हणण्याचें धैर्य वैमानिकाच्या अंगीं राहील, असा या व्यवस्थेमागील विचार होता. उतारूंनींही ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या यादींत त्यांचीही सुरक्षितता थोडीफार गुंतलेली आहे.

एका कंपनीपुरती ही व्यवस्था निर्दोष वाटते. दोन याद्यांची एक यादी करावयाची झाली कीं तिचा दोष उघडा पडतो.

अमेरिकेंत १९३८ सालच्या कायद्यानंतर विमान वाहतुकीवर सरकारी नियंत्रण आलें. कोणी कोठें उडावें, काय भाडें घ्यावें आणि कोणत्या कंपनीनें कोणती कंपनी घ्यावी, यांस सिव्हिल एअरोनॉटिक्स बोर्डाची संमति लागे. संमति देतांना बोर्ड कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाच्या अटी घालूं लागलें. १९७२ सालीं अलेगेनी या कंपनीनें, लांबलेल्या संपानें खंगलेली मोहॉक ही कंपनी घेतली. त्या प्रकरणीं घातलेल्या अटी पुढें नमुना म्हणून मानल्या गेल्या आणि 'अलेगेनी-मोहॉक' हें जोडनांव वैमानिकांच्या जगांत एखाद्या सनदेसारखें उच्चारलें जाऊं लागलें. त्यांतील दोन कलमें महत्त्वाचीं. दोन्ही ज्येष्ठता-याद्या न्याय्य व समतोल रीतीनें एकत्र कराव्या, हें एक; आणि एकमत न झाल्यास प्रश्न लवादाकडे न्यावा, हें दुसरें. यादी कशी करावी हें सनदेनें सांगितलें नाहीं. ती एकट्या बलिष्ठानें करूं नये एवढेंच सांगितलें. पण तेवढ्यानेंही पुष्कळ साधत होतें.

भारतांतही तत्पूर्वीं असाच प्रसंग येऊन गेला होता. १९५३ सालच्या हवाई महामंडळ कायद्यानें विमान कंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झालें आणि १ ऑगस्ट १९५३ रोजीं डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया इत्यादि आठ कंपन्यांची वाहतूक इंडियन एअरलाइन्स या एका महामंडळांत आली. १ जुलै १९५२ पूर्वीं नोकरीस लागून शेवटपर्यंत राहिलेला कर्मचारी आपोआप महामंडळाचा कर्मचारी होईल, हें कायद्यांतच लिहिलेलें होतें. नोकरी राखण्याची हमी एवढ्या स्पष्ट शब्दांत क्वचितच मिळते. अर्थात् अटी पुढें बदलण्याचा अधिकार महामंडळानें राखलाच होता.

अमेरिकेंतील सनद मात्र जिच्या आधारावर उभी होती ती भिंतच कोसळली. १९७८ सालीं विमानधंदा नियंत्रणमुक्त करण्याचा कायदा झाला आणि १९८४ अखेर तें बोर्डही संपलें. त्यानंतर एकामागून एक विलीनीकरणें झालीं. त्यांवर देखरेख करणाऱ्या परिवहन खात्यानें कर्मचाऱ्यांच्या अटी घालण्याचें सामान्यतः नाकारलें. हा विषय मालक व संघ यांनीं करारानें मिटवावा असें त्याचें मत. सनदेची कलमें अशा रीतीनें कायद्यांतून निघून संघांच्या करारपत्रांत आश्रयाला गेलीं. करारपत्राचा आश्रय किती पक्का असतो, तें २००१ सालीं दिसलें.

टी.डब्ल्यू.ए. ही कंपनी १९३० सालची. धनाढ्य विमानवेड्या हॉवर्ड ह्यूजच्या हातीं ती वाढली. मुंबईच्या जुन्या उतारूंनाही तिचें नांव अपरिचित नव्हतें, कारण १९५० सालीं मुंबईहून कैरो व रोम या मार्गानें तिचीं विमानें न्यूयॉर्कला जात. १९८५ सालीं ती कार्ल आयकान या भांडवलदाराच्या ताब्यांत गेली आणि १९९२, १९९५ व २००१ असें तीन वेळां तिनें दिवाळें काढलें. तिसऱ्या दिवाळ्याच्या वेळीं अमेरिकन एअरलाइन्सनें तिला विकत घेण्याची तयारी दाखविली. पण खरेदीची एक अट होती. टी.डब्ल्यू.ए.च्या वैमानिकांच्या करारांत अलेगेनी-मोहॉकची जी कलमें होतीं, तीं त्यांनीं सोडून द्यावीं.

त्या वेळीं या वैमानिकांची संख्या सुमारें २,३०० होती. नकार दिला तर दिवाळखोरीच्या न्यायालयाकडून करारच रद्द होण्याची भीति, आणि खरेदी फिसकटली तर कंपनीच बुडण्याची. एप्रिल २००१ च्या आरंभीं त्यांच्या प्रतिनिधींनीं हक्क सोडून दिला. घर जळत असतां दाराची किल्ली मागणाऱ्याशीं घासाघीस करीत बसणें शक्य नसतें, हें खरें. पण किल्ली दिल्यावर घर कोणाचें, हा प्रश्न उरतोच.

यांत आणखी एक पेंच होता. टी.डब्ल्यू.ए.चे वैमानिक १९३१ सालच्या त्या जुन्या संघाचे सभासद. अमेरिकनचे वैमानिक १९६३ सालींच त्या संघांतून फुटून स्वतंत्र झालेले आणि संख्येनें कितीतरी पट मोठे. नोव्हेंबर २००१ मध्यें अमेरिकनच्या व्यवस्थापनानें व तिच्या वैमानिकांच्या संघानें मिळून जी यादी ठरविली, तींत टी.डब्ल्यू.ए.चे अर्ध्याहून अधिक वैमानिक अमेरिकनच्या अगदीं शेवटच्या वैमानिकाच्याही खालीं लावले गेले. वैमानिकांच्या बोलींत याला 'यादीच्या शेपटाला टांचणें' म्हणतात. कागदाला कागद टांचावा तसें. दहा-बारा वर्षें सेवा झालेला माणूस त्याच वर्षीं लागलेल्या मुलाच्या मागें गेला. सेंट लुइस येथील मुक्कामापुरतें कांहीं संरक्षण त्यांना ठेवलें होतें, तेवढाच दिलासा.

तोंवर ११ सप्टेंबरचा तो दिवस होऊन गेला होता. उतारू घटले, विमानें उभीं राहिलीं आणि हजारों माणसें कमी करण्यांत आलीं. डिसेंबर २००१ च्या आरंभीं टी.डब्ल्यू.ए.च्या नांवाचें शेवटचें विमान उडालें, आणि वैमानिक घरीं बसविण्यास आरंभ झाला तो अर्थातच शेपटापासून. नोव्हेंबर २००३ मध्यें सेंट लुइसचीं उड्डाणें सुमारें निम्म्यावर आणलीं गेलीं. मग संरक्षणाचें कुंपणही कशाभोंवतीं आहे तें कळेनासें झालें. विकत घेतलेल्या कंपनीच्या वैमानिकांपैकीं फार मोठा वर्ग अशा रीतीनें कामावरून दूर झाला, आणि कित्येकांना परत बोलावणें येण्यास वर्षानुवर्षें लागलीं. पत्रकांत लिहिल्याप्रमाणें विलीनीकरणामुळें कोणाचीच नोकरी गेली नव्हती. ती मंदीमुळें गेली. मंदीनें कोणाला निवडावें, एवढें मात्र विलीनीकरणानें आधींच लिहून ठेवलें होतें.

या वैमानिकांनीं पुढें खटला भरला तो कंपनीवर नव्हे, तर आपल्याच संघावर. अमेरिकनच्या मोठ्या वैमानिकवर्गाला पुन्हां आपल्याकडे ओढण्याच्या आशेनें संघानें आमची बाजू नीट मांडली नाहीं, असा त्यांचा आरोप. जुलै २०११ मध्यें न्यू जर्सी संस्थानांतील कॅमडेन येथील ज्यूरीनें तो मान्य केला, आणि २०१४ सालीं ५ कोटि ३० लक्ष डॉलरांवर तडजोड झाली. पैसे मिळाले. क्रमांक परत मिळाला नाहीं.

मिसूरी हें टी.डब्ल्यू.ए.चें माहेर. तेथील दोन सेनेटर, क्लेअर मकॅस्किल आणि किट बाँड, परस्परविरोधी पक्षांचे. तरी दोघांनीं मिळून या प्रश्नावर कायदा करून घेतला. डिसेंबर २००७ मध्यें मंजूर झालेल्या त्या कायद्यानें अलेगेनी-मोहॉकचीं तींच दोन कलमें पुन्हां कायद्यांत आणलीं. याद्या न्याय्य रीतीनें एकत्र कराव्या, न जमल्यास लवाद नेमावा. ज्यांच्या दुःखांतून हा कायदा निपजला त्यांना त्याचा उपयोग नव्हता. तो पुढच्यांसाठीं होता.

पण लवादाचा निर्णयही सर्वांना न्याय वाटेल असें नाहीं. हें त्याच वर्षीं दुसऱ्या एका प्रकरणांत उघड झालें होतें, आणि योगायोग असा कीं तें प्रकरण मूळच्या अलेगेनी कंपनीचेंच. तिनें १९७९ सालीं यू.एस. एअर असें नांव घेतलें, पुढें तेंच यू.एस. एअरवेज झालें. २००२ व २००४ सालीं दिवाळें काढलेल्या या वृद्ध कंपनीचें २००५ सालीं फिनिक्सकडील अमेरिका वेस्ट या तरुण कंपनीशीं विलीनीकरण झालें. नांव वृद्ध कंपनीचें राहिलें, कारभारी तरुण कंपनीचे आले. पूर्वेकडील सुमारें १,७०० वैमानिक त्या वेळीं घरीं बसलेले होते. पश्चिमेकडील वैमानिक नवे, पण कामावर.

आतां थोरली जाऊ कोण? पूर्वेकडील म्हणाले, नोकरीची तारीख पाहा. आम्ही आधीं आलों. पश्चिमेकडील म्हणाले, तुमचें घर बुडत होतें, आमच्या वाड्यानें तुम्हांला थारा दिला. प्रत्येकानें आपापल्या यादींत जी जागा धरली होती त्या प्रमाणांत नवी जागा घ्यावी. जॉर्ज निकोलाऊ या अनुभवी लवादानें मे २००७ मध्यें निर्णय दिला. मोठीं विमानें चालविणारे पूर्वेकडील सुमारें ५०० ज्येष्ठ वैमानिक सर्वांच्या वर. मधल्यांची प्रमाणशीर सरमिसळ. आणि घरीं बसलेले सर्व तळाशीं. पंधरा वर्षांहून अधिक सेवा झालेला पूर्वेकडील वैमानिक अलीकडेच लागलेल्या तरुणाच्या खालीं गेला. निकोलाऊ यांचें तर्कशास्त्र समजण्यासारखें होतें. ज्याच्या हातीं आज काम नाहीं त्याला, ज्याच्या हातीं काम आहे त्याच्या वर बसविणें म्हणजे दुसऱ्याचें काम हिरावून घेणें, असें त्यांनीं मानलें. पण पूर्वेकडील वैमानिकांच्या दृष्टीनें काम नसणें हा त्यांचा दोष नव्हता, आणि पुढें होणाऱ्या निवृत्तींनीं रिकाम्या होणाऱ्या जागा त्यांच्याच वाट्याच्या होत्या. त्यांतच डिसेंबर २००७ मध्यें निवृत्तीचें वय ६० वरून ६५ झालें आणि त्या जागाही पांच वर्षें दूर सरकल्या.

पूर्वेकडील बहुसंख्य होते. लवादाचा निर्णय बंधनकारक आहे हें ठाऊक असतांही त्यांनीं वेगळा मार्ग काढला: संघच बदलला. एप्रिल २००८ मध्यें मतदान होऊन जुना संघ गेला व नोकरीच्या तारखेचें तत्त्व घटनेंत लिहिलेला नवा संघ आला. पश्चिमेकडील कोर्टांत गेले. २००९ सालीं ज्यूरीनें त्यांच्या बाजूनें कौल दिला, २०१० सालीं वरच्या न्यायालयानें प्रश्न अद्याप परिपक्व झालेला नाहीं म्हणून तो उलटविला, आणि २०१५ सालीं त्याच न्यायालयानें नव्या संघाला दोषी ठरविलें. या सर्व काळांत एका कंपनीच्या एका रंगाच्या विमानांत दोन निरनिराळे वैमानिकवर्ग निरनिराळ्या करारांखालीं उडत राहिले. संयुक्त करार झाला असता तर निकोलाऊंची यादी अंमलांत आली असती. ती येऊं नये म्हणून पूर्वेकडील वैमानिकांनीं दिवाळ्याच्या काळांतला उतरलेला पगार वर्षानुवर्षें पत्करला. क्रमांकाची किंमत माणसें किती देतात, याचा इतका रोकडा हिशेब दुसरीकडे सांपडणें कठीण.

डिसेंबर २०१३ मध्यें ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्यें विलीन झाली आणि सप्टेंबर २०१६ मध्यें तिघां लवादांनीं सर्वांची मिळून एक यादी केली. पहिल्या विलीनीकरणापासून अकरा वर्षें लोटलीं होतीं. उलटपक्षीं २००८ सालीं डेल्टा व नॉर्थवेस्ट यांचें विलीनीकरण झालें, तेव्हां वैमानिकांचा संयुक्त करार आधीं झाला आणि यादीही लवादाकडून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आली. तेथें धंदा करणारे निराळ्या रक्ताचे नव्हते. क्रम मात्र निराळा होता.

२००७ हेंच वर्ष आपल्याकडेही याच कारणानें लक्षांत राहिलें. ऑगस्ट २००७ मध्यें एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एका कंपनींत आल्या. एअर इंडियाचे वैमानिक समुद्रापार जाणारीं मोठीं बोइंग विमानें चालवीत. त्यांचा संघ इंडियन पायलट्स गिल्ड. इंडियन एअरलाइन्सचे मुख्यतः देशांतल्या मार्गांवर एअरबस चालवीत. त्यांचा संघ निराळा. पगार निराळा, भत्ते निराळे, बढतीची गति निराळी. लहान विमानावर माणूस लवकर कप्तान होतो, मोठ्यावर उशिरां. मग दोघांची तुलना कप्तानकीच्या तारखेवरून करावयाची कीं नोकरीच्या? कंपन्या एक झाल्या तरी या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें नव्हतें. समान पगारासाठीं इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनीं २०११ सालीं संप केला. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्यें आला. म्हणजे लग्न २००७ सालीं आणि याद्या-बैठका पांच वर्षांनीं.

तोंवर नवीं ड्रीमलायनर विमानें येऊं घातलीं होतीं. तीं एअर इंडियानें मागविलेलीं, त्यांवर शिक्षणाचा पहिला हक्क आमचा, असें गिल्डचें म्हणणें. दोन्हींकडील वैमानिकांना शिकवावयाचें, असें व्यवस्थापनाचें. ७ मे २०१२ रोजीं गिल्डचे वैमानिक आजारपणाच्या रजेवर गेले आणि तो संप ५८ दिवस चालला. शंभराहून अधिक वैमानिक बडतर्फ झाले, गिल्डची मान्यता काढून घेतली गेली, ऐन सुटीच्या हंगामांत परदेशचीं उड्डाणें रद्द होत राहिलीं. दिल्ली उच्च न्यायालयापुढें आश्वासनें होऊन ३ जुलैला संप मिटला. दोन महिन्यांनीं पहिलें ड्रीमलायनर उतरलें, आणि तें चालविण्यास दोन्ही बाजूंचे वैमानिक शिकूं लागले.

२७ जानेवारी २०२२ रोजीं एअर इंडिया टाटांकडे परत गेली आणि विस्तारा ही टाटा व सिंगापूर एअरलाइन्स यांची कंपनी तींत विलीन करण्याचें ठरलें. एप्रिल २०२४ च्या आरंभीं विस्ताराचीं अनेक उड्डाणें एकाएकीं रद्द झालीं. नव्या समान वेतनपत्रकांत महिन्याला ७० तासांऐवजीं ४० तासांच्याच उड्डाणाचा पगार निश्चित धरला होता, आणि मोठ्या यादींत आपली जागा कोठें येणार हेंही विस्ताराच्या वैमानिकांना कळत नव्हतें. १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं विलीनीकरण पुरें झालें. पण वैमानिकांचा प्रश्न त्याच्या सात महिने आधींच विमानतळावरील फलकावर, रद्द झालेल्या उड्डाणांच्या रूपानें, सर्वांना वाचावयास मिळाला होता.